स्पिरिटचा स्टोव्ह: जळते ती वाफ

ट्रेकला कुणी सॅकमधून तो छोटासा पितळी बर्नर काढला की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, याला पंप कुठंय? पंप नाही. नॉब नाही, नळी नाही, सिलिंडर नाही, हलणारा एकही पार्ट नाही. तळहातावर मावणारी दुहेरी भिंतीची वाटी, वरच्या कडेला बारीक भोकं, आत स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. एवढ्यावर लिटरभर पाणी उकळतं हे आधी लोकांना पटत नाही, आणि एकदा डोळ्यांनी बघितलं की मग "अरे हे तर फारच सोपंय" म्हणत बाटली हातात घेऊन मोकळे होतात. मला भीती वाटते ती या दुसऱ्या टप्प्याची.

तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचं बरंचसं तिच्यातूनच निघतं. स्पिरिट द्रव असताना जळत नाही, जळते त्याची वाफ. स्पिरिटमधला मूळ माल म्हणजे इथेनॉल, ते ७८ अंशाला उकळतं हे खरं, पण वाफ त्याच्या कितीतरी आधीपासून सुटत असते, आणि साधारण १३ ते १७ अंश तापमानालाच पृष्ठभागावर इतकी वाफ जमते की ठिणगी मिळाली की भपकन पेटते. म्हणजे आपल्याकडच्या रोजच्या हवेत उघडं ठेवलेलं स्पिरिट कायम पेटायच्या तयारीतच असतं. रॉकेलचं तसं नाही, त्याला चाळीसच्या आसपास तरी तापवावं लागतं, म्हणून तर घरोघरी पंपाचा स्टोव्ह होता तेव्हा आधी वाटीत काकडा नाहीतर थोडं स्पिरिट जाळून नळी तापवायची, मग पंप मारायचा. तिथं स्पिरिट हे रॉकेलची वाफ करायला लागायचं, इथं स्पिरिट स्वतःच स्वतःची वाफ करतं.

ते कसं ते एकदा संध्याकाळच्या अंधारात बघाच. काडी लावली की पहिली मिनिटभर फक्त मधल्या खड्ड्यातलं स्पिरिट जळतं, ज्योत मऊ, निळसर, इकडेतिकडे डुलणारी, अंगात काही जोर नसलेली. पण तिची आच पितळेतून खाली उतरते, दोन भिंतींच्या मधल्या फटीतलं स्पिरिट तापायला लागतं, तिथली वाफ वर सरकून कडेच्या भोकांतून बाहेर पडते, आणि मग एकेक करत भोकं पेटत जातात, आधी एका बाजूची तीनचार, मग पुढची, मग अख्खं कडं. बारीक फुरफुर आवाज येतो. आता बर्नर चालू झाला. पातेलं ठेवायचं ते या वेळी, त्याच्या आधी ठेवलंत तर गार बुड त्या कोवळ्या ज्योतीची उष्णता खाऊन टाकतं आणि मग "हा स्टोव्ह काही चालत नाही बुवा" अशी तक्रार येते.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध बर्नर स्वीडनच्या ट्रांगिया कंपनीचा. १९२५ साली घरगुती भांडी बनवायला सुरू झालेली ही कंपनी, १९५१ मध्ये त्यांनी वाऱ्यापासून आडोसा, बर्नर आणि पातेली एकात एक बसतील असा सेट काढला आणि तो आजही थोड्याफार फरकाने तसाच विकला जातो. बर्नरचं वजन ११० ग्रॅमच्या आसपास. ऑनलाइन मिळणारे बरेचसे स्वस्तातले पितळी बर्नर याच्याच नकला आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातले चांगले असतील ते काम व्यवस्थित करतात, फक्त झाकणाचे आटे आणि आतली रबराची रिंग नीट तपासून घ्या. कोल्ड्रिंकच्या दोन कॅनची बुडं एकात एक बसवून घरी बनवलेला बर्नरही याच तत्त्वावर चालतो. बनवायला मजा येते, वजन जवळपास काहीच नाही, पण जरासा धक्का लागला की कलंडतो आणि जळतं स्पिरिट जमिनीवर, त्यामुळे गवतात, गर्दीत किंवा लहान मुलं सोबत असताना मी तरी तो काढायला सांगणार नाही.

आता इंधन, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. आपल्याला हवंय डिनेचर्ड स्पिरिट. मूळ माल इथेनॉलच, फक्त कुणी पिऊ नये म्हणून त्यात कडू, घाण वासाचे किंवा विषारी पदार्थ मिसळलेले. फ्रेंच पॉलिश करणारे सुतार चपडा लाख यातच विरघळवतात, म्हणून ते हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानांत मिळतं. याच्या विक्रीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम आहेत, तेव्हा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या आणि बिल घ्या. दुकानात नुसतं "स्पिरिट द्या" म्हटलं की कधीकधी थिनर नाहीतर टर्पेंटाइन हातात पडतं. ते या बर्नरमध्ये अजिबात घालायचं नाही, काळा धूर, घाण वास आणि ज्योतीवर काही कंट्रोल नाही. शंका असेल तर घरी काचेच्या ग्लासात चमचाभर घेऊन त्यात पाणी ओता. स्पिरिट पाण्यात पूर्ण मिसळून जातं (मिसळलेल्या पदार्थांमुळे कधी थोडं गढूळ दिसेल, ते चालतं), पण वर तेलकट थर वेगळा तरंगत राहिला तर बाटली परत करा. आणि तो ग्लास परत पाणी प्यायला वापरू नका.

बाकीचे पर्याय लोक विचारतात म्हणून सांगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल पेटतं, पण ज्योत पिवळी आणि पातेल्याला काजळीचा थर. कोविडनंतर घरात पडून असलेलं सॅनिटायझर, त्यातलं पातळ असेल ते जळतं पण त्यात पाव हिस्सा पाणी असतं, थोडी आच ते पाणी उडवण्यात जाते, आणि जेलवालं तर नकोच, हाताला चिकटलेलं जेल पेटलं की झटकूनही जात नाही. रम टाकून चालेल का असं विचारणारा एक तरी महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आपल्याकडची रम ४२.८ टक्क्यांची, म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी, त्यावर बर्नर चालत नाही. विषय संपला.

मिथेनॉल मात्र गमतीत घ्यायची गोष्ट नाही. ते स्वच्छ जळतं, स्वस्त असतं, परदेशातले काही ट्रेकर वापरतातही, पण शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर हल्ला करतं, थोड्या प्रमाणातही दृष्टी जाऊ शकते, जीवही जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने १०० हून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळेच. डिनेचर्ड स्पिरिटमध्येही मिथेनॉल असू शकतं. म्हणून स्पिरिट कधीही, म्हणजे कधीच, पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही. रात्री टेंटमध्ये तहान लागली, अंधारात हात बाटलीवर गेला, दिसायला पाण्यासारखंच, एवढं पुरेसं आहे. वेगळ्या आकाराची, जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली घ्या, तिच्यावर लाल टेप गुंडाळा, मोठ्या अक्षरात विष लिहा आणि खाण्याच्या पिशवीपासून लांब, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

किती न्यायचं याचं गणित सोपं आहे. अर्धा लिटर पाणी २५ अंशावरून उकळीला न्यायला साधारण १५७ किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम इथेनॉलमध्ये सुमारे २७ किलोज्यूल असतात, पण त्यातली अर्धी उष्णता हवेत जाते असं धरा. म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास, ओतायला १५ मिली. बाजारातल्या स्पिरिटमध्ये थोडं पाणी असतं, वारा असतो, म्हणून २० मिली धरून चाला. तीन जणांचा चहा म्हणजे २० मिली, दोन पाकिटं मॅगी म्हणजे थोडं जास्त. वीकेंडच्या एका मुक्कामाला दोघांना २०० ते २५० मिली आरामात पुरतं. एलपीजीमध्ये किलोमागे जवळपास ४६ मेगाज्यूल असतात, स्पिरिटमध्ये २७, त्यामुळे एकदोन दिवसांच्या ट्रेकला स्पिरिट हलकं पडतं आणि आठवडाभराच्या ट्रेकला गॅस, कारण दिवस वाढले की बाटलीचं वजनच भारी व्हायला लागतं.

वारा हा या स्टोव्हचा खरा शत्रू. गॅसची ज्योत दाबाने बाहेर येते म्हणून थोडं सहन करते, स्पिरिटची वाफ अशीच आरामात वर येते, झुळूक आली की ज्योत बुडाखालून बाहेर पळते आणि पातेल्याच्या शेजारची हवा तापवत बसते. कोकणकड्यावर आडोशाशिवाय चहा करायचा प्रयत्न म्हणजे स्पिरिट नुसतं उडवणं. म्हणून आडोसा हवाच, जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या ट्रेचा पत्रा कापून गोल वाकवला तरी चालतो, पण पातेल्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा आणि खालून हवा यायला फट ठेवा. पूर्ण बंद केलंत तर दोन गोष्टी होतात, एकतर हवा कमी पडून ज्योत गुदमरते, नाहीतर उलटं, सगळी उष्णता बर्नरवरच परत येते, आतलं स्पिरिट जोरात उकळायला लागतं आणि ज्योती पातेल्याच्या वर जातात. असं झालं तर घाबरून फुंकर मारू नका, काठीने किंवा पकडीने आडोसा बाजूला सारा, बर्नर आपोआप शांत होतो.

पातेलं रुंद आणि बुटकं घ्या, झाकण ठेवा. बर्नरच्या कडेपासून बुडापर्यंत तीन ते चार सेंटिमीटर अंतर हवं. त्याहून जवळ आणलं तर गार बुडाला लागून ज्योत अर्धवट जळते, डोळ्यांना झोंबणारा वास येतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून टेंटच्या आत, बंद गुहेत किंवा गाडीत हा स्टोव्ह पेटवायचा नाही, बाहेर कितीही पाऊस असला तरी. "चेन थोडी उघडी ठेवतो" हे पुरेसं नाही. शिवाय टेंटचं कापड नायलॉनचं, ते एका सेकंदात वितळतं.

आता बाटलीबद्दल. दुपारच्या उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही. खरंच नाही दिसत. बर्नर विझलाय असं वाटतं, पाणी अजून उकळलेलं नसतं, मग माणूस बाटली उघडतो आणि वरून ओततो. जळती वाफ धारेवरून वर चढते, बाटलीच्या रिकाम्या भागात साठलेली वाफ पेटते आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा फवारा समोर बसलेल्याच्या अंगावर जातो. भाजण्याचे वाईट प्रकार असेच होतात. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रिक मिअर्सच्या गाडीत इंधन भरताना मिथेनॉल उसळून पेटलं होतं, आजूबाजूची माणसं अंगावरची आग झटकत होती आणि बघणाऱ्यांना आग दिसतच नव्हती, मिअर्सचा चेहरा भाजला होता. रेसिंगच्या पिटमध्ये, आग विझवायला तयार असलेल्या माणसांमध्ये हे झालं, आपण तर डोंगरावर असतो.

म्हणून पद्धत अशी. मोठ्या बाटलीतून बर्नरमध्ये थेट ओतायचंच नाही. ५० मिलीची मापाची छोटी बाटली ठेवा, लागेल तेवढं तिच्यात घ्या, मोठी बाटली बंद करून चारपाच पावलं लांब ठेवा, छोटीतून बर्नर दोन तृतीयांशच भरा, छोटीही बंद करून बाजूला, हाताला किंवा कपड्याला लागलं असेल तर पुसून वाळू द्या, आणि मग काडी. स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली खड्ड्यात साठते, त्यामुळे सांडलं तर जागा बदला. मध्येच संपलं तर विझलंय का ते बघायला वाळलेल्या काडीचं टोक वरून धरा, पेटलं तर अजून जळतंय. विझल्यावर बर्नरला उघड्या हाताने धरता येईपर्यंत थांबायचं, पाचसात मिनिटं जातात, जाऊ देत. तेवढा वेळ कांदा चिरा.

विझवायचं झालं तर झाकण, म्हणजे आच कमीजास्त करायची जी रिंग मिळते तिची झडप बंद करून वरून अलगद सोडायची, हवा तुटली की काम झालं. सांडलेलं स्पिरिट पेटलं तर माती, वाळू किंवा ओला टॉवेल. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने ते विझतं, रॉकेलसारखं पाण्यावर तरंगत पसरत नाही, पण शिंतोडे मारून काही होत नाही, चांगलं भांडंभर पाणी लागतं. हे भांडं पेटवायच्या आधीच शेजारी भरून ठेवायचं.

फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत सह्याद्रीत गवत कसं असतं ते वेगळं सांगायला नको, वणवा लागायला एक ठिणगी पुरे. बर्नर सपाट दगडावर ठेवा, भोवतालचं गवत हातभर साफ करा. हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा भाग अभयारण्यात येतो आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे, तेव्हा जिथं वनखात्याने मनाई केलीय तिथं स्टोव्ह काढायचा नाही, गावातल्या घरी जेवण सांगायचं. झुणका-भाकरीसमोर मॅगीची लायकी काय, ते जाऊ दे. आणि लोकलने कसाऱ्याला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा, ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेत नेता येत नाहीत, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं आहे. विमानातही स्पिरिट चालत नाही. म्हणजे इंधन पोचल्यावर तिथेच घ्यायचं नाहीतर स्टोव्ह घरी.

उंचीवर आणि थंडीत काय होतं? कळसूबाई १,६४६ मीटर, तिथं पाणी ९५ अंशाच्या जरा अलीकडेच उकळतं, चहाला फरक पडत नाही, डाळ शिजायला पडतो. हिमालयात शून्याच्या खाली स्पिरिटची वाफच पुरेशी निघत नाही, काडी लावली तरी पेटत नाही, मग बाटली जॅकेटच्या आत अंगाशी धरून गरम करावी लागते आणि बर्नरखाली लाकडाचा तुकडा ठेवावा लागतो. तिथं बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर हा स्टोव्ह विसरा, बर्फ उकळीला न्यायला तेवढ्याच गार पाण्यापेक्षा पावणेदोन पटीहून जास्त उष्णता लागते.

सह्याद्रीत मात्र यावर खिचडी होते, फक्त घरच्यासारखी कुकर लावून शिट्ट्या मोजायची नाही. तांदूळ आणि मूगडाळ तासभर भिजत घाला. तेलात जिरं, हिंग, हळद, कांदा, मग तांदूळ-डाळ आणि पाणी, चांगली उकळी आली की रिंग लावून आच मंद, सातआठ मिनिटं. मग बर्नर बंद, पातेलं झाकणासकट टॉवेलमध्ये आणि वरून स्वेटरमध्ये गुंडाळून वीस मिनिटं विसरून जा. आतल्या उष्णतेवरच शिजते. उघडल्यावर मधली शितं मऊ, बुडाला काही लागलेलं नाही, आणि स्पिरिट गेलं पन्नाससाठ मिली.

देखभाल म्हणाल तर फार नाही, पण जी आहे ती टाळू नका. पातेल्याला काजळी धरत असेल तर स्पिरिटमध्ये दहावा हिस्सा पाणी मिसळा, १०० मिलीला १० मिली, ज्योत थोडी मंदावते पण बुड बरंच स्वच्छ राहतं. पितळ काळं पडलं तर पडू द्या, त्याने कामात फरक पडत नाही. हिरवट थर आला तर चिंच नाहीतर पितांबरी लावून बाहेरून घासा, पण पावडर भोकांत अडकू देऊ नका, नंतर गरम पाण्याने खळखळून धुवा आणि पूर्ण वाळवा. एखादं भोक पेटत नसेल तर बारीक सुईचं टोक हलकेच फिरवा, जुन्या स्टोव्हची पिन घरात असेल तर उत्तम, जोर लावून भोक मोठं केलंत तर तिथली ज्योत कायमची वाकडी येते. उरलेलं स्पिरिट बर्नर गार झाल्यावर बाटलीत परत ओता, ते उघड्यावर हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुढच्या वेळी पेटायला कुरकुर करतं.

आणि ती झाकणातली रबराची रिंग. बर्नर गरम असताना आट्याचं झाकण लावलं की ती वितळते, मग स्पिरिट सॅकमध्ये झिरपतं आणि सगळ्या चपात्यांना वास लागतो. विझवायला हे झाकण कधीच वापरायचं नाही. दर सीझनच्या सुरुवातीला रिंगला बोटांनी ताणून बघा, चिरा दिसल्या की बदला. नवी रिंग लावली की बर्नरमध्ये थोडं पाणी भरून, झाकण लावून, रात्रभर कागदावर उलटा ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तरच त्यात स्पिरिट भरून सॅकमध्ये टाकायचा.